उजनी ‘उणे पन्नास’ म्हणजे काय, हे यंत्राला कोण सांगणार?

प्रश्न : सोलापुरात चाटी गल्लीत माझे चादरी-टॉवेलचे दुकान आहे. पुतण्या पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. दिवाळीला घरी आला तेव्हा लॅपटॉपवर दिवसभर वाक्ये लिहीत आणि खोडत बसला होता. ‘प्रोग्राम लिहितोस का रे?’ असे विचारले, तर म्हणाला, ‘नाही काका, एआय एजंट जी टूल्स वापरतो, त्यांची वर्णने लिहितोय.’ जे यंत्र निबंध लिहिते, वकिली नोटीस लिहिते, त्याला टूल कशासाठी आहे हे समजावून सांगावे लागते? सांगायचेच तर एक ओळ पुरत नाही का? ही वर्णने मराठीत चालतात का? पुतण्या आपल्या दुकानासाठीही असे काही करू म्हणतो आहे. त्यात माझ्यासारख्याचा काही उपयोग आहे का?
एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुमच्या चारही शंका रास्त आहेत, आणि पहिलीचा उलगडा झाला की उरलेल्या तीन बऱ्याचशा आपोआप सुटतात. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

चॅटजीपीटी, क्लॉड, जेमिनी यांच्या मुळाशी भाषेचे मॉडेल असते. ते मजकूर वाचते आणि मजकूर लिहिते. आज उजनी धरणात पाणी किती, तुमच्या दुकानात निळ्या चौकड्याच्या चादरी किती शिल्लक, उद्याच्या हुतात्मा एक्स्प्रेसला जागा आहे का, यांतले त्याला स्वतःहून काहीच ठाऊक नसते. त्याचे शिक्षण एका ठरावीक तारखेला थांबलेले असते आणि तुमच्या दुकानाची वही तर त्याने कधी पाहिलेलीच नसते. म्हणून प्रोग्रामर त्याच्या हाताशी छोटे छोटे प्रोग्राम देतात. एक धरणाचा साठा आणून देतो, एक शिल्लक माल पाहतो, एक मागणी नोंदवतो. हीच टूल्स. आणि कोणते टूल केव्हा वापरायचे हे आपले आपण ठरवत, एकामागून एक पायऱ्या चढत काम पुरे करणारी जी व्यवस्था, तिला एआय एजंट म्हणतात.

ही सोय तशी नवी आहे. जून २०२३ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने आपल्या मॉडेलांना ती ‘फंक्शन कॉलिंग’ या नावाने दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये क्लॉड बनवणाऱ्या अँथ्रॉपिकने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’, म्हणजे एमसीपी, हे खुले मानक जाहीर केले. त्यामुळे एकाने बनवलेले टूल दुसऱ्याच्याच एजंटला जोडणे सोपे झाले. टूल बनवणारा पुण्यात, ते वापरणारा एजंट आणखी कुणाचा, आणि त्या एजंटशी बोलणारा माणूस सोलापुरात, असा मामला झाला. या तिघांत दुवा एकच उरतो, तो म्हणजे टूलचे लेखी वर्णन.

इथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करायला हवा. पुष्कळांना वाटते की एआय टूलच्या आत डोकावते, त्याचा प्रोग्राम वाचते आणि मग ते चालवते. सहसा यातले काहीही होत नाही. मॉडेलसमोर प्रत्येक टूलबद्दल तीनच गोष्टी ठेवलेल्या असतात : टूलचे नाव, त्याचे वर्णन, आणि त्याला कोणकोणती माहिती पुरवावी लागते त्याची यादी. तुमचा प्रश्न वाचून मॉडेल एवढेच लिहिते, ‘अमुक टूल, तमुक माहिती देऊन चालवा.’ प्रत्यक्ष चालवण्याचे काम बाहेरचा प्रोग्राम करतो, आलेले उत्तर पुन्हा मजकूर म्हणून मॉडेलपुढे ठेवतो आणि ते वाचून मॉडेल तुम्हाला चार वाक्यांत सांगते.

समजा, तुमच्या दुकानात नागपूरहून एक नवा मुलगा कामाला आला. हुशार आहे, चार भाषा बोलतो, हिशेब चोख करतो. पण सगळी कपाटे बंद आहेत, उघडून पाहायची मुभा नाही, आणि बाहेर फक्त चिठ्ठ्या चिकटवलेल्या आहेत. तो चिठ्ठी वाचून ठरवणार. चिठ्ठीवर नुसते ‘माल’ लिहिले असेल, तर चूक त्याच्या हुशारीची नाही. शिवाय या मुलाचा रोज पहिलाच दिवस असतो. काल तुम्ही तोंडी सांगितलेले, ते वेगळे टिपून ठेवून त्याच्यापुढे मांडले नसेल, तर आज त्याला आठवत नाही.

म्हणजे अडचण बुद्धीची नसून माहितीची आहे. आणि कोणती माहिती चिठ्ठीवर यायची राहून जाते? जी आपल्याला इतकी पाठ असते की ती सांगावी असे वाटतच नाही, तीच. सोलापूरकरांना हे उजनीइतके दुसऱ्या कशावरून पटणार नाही.

उजनीचे टूल

समजा, कुणी ‘उजनीचा पाणीसाठा सांगते’ एवढ्या एका ओळीच्या वर्णनाचे टूल बनवले. उन्हाळ्यात तुम्ही एजंटला विचारलेत, ‘उजनीत पाणी किती उरले?’ टूलने उत्तर आणले : उणे ५०. आता मॉडेलने काय समजायचे? पाणी उणे असते का? एखादे मॉडेल ही नोंदीतली चूक समजून उणे चिन्ह गाळून टाकील आणि धरण निम्मे भरलेले आहे असे आनंदाने सांगेल. दुसरे म्हणेल, धरण कोरडे पडले. दोन्ही उत्तरे शुद्ध मराठीत येतील आणि दोन्ही चूक असतील.

सोलापुरात मात्र शाळकरी पोरालाही ‘उजनी उणेमध्ये गेली’ म्हणजे काय ते कळते. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातला सुमारे ६३.६६ टीएमसी मृतसाठा आणि सुमारे ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा. वर्तमानपत्रात छापून येणारी टक्केवारी ही फक्त उपयुक्त साठ्याची असते. पाणी मृतसाठ्याच्या पातळीला आले की शून्य टक्के, आणि त्याखाली गेले की उणे. २०२४ च्या उन्हाळ्यात ही टक्केवारी उणे ५० च्याही खाली गेली होती.

आता उणे ५० चा हिशेब करून पाहू. ५३.५७ चे निम्मे म्हणजे सुमारे २६.८. ते ६३.६६ मधून वजा केले की धरणात सुमारे ३७ टीएमसी पाणी उरते. पुण्याला पाणी देणारी खडकवासला साखळीतली चारही धरणे तुडुंब भरली, तर त्यांचा उपयुक्त साठा सुमारे २९ टीएमसी होतो. म्हणजे ‘उणे पन्नास’ उजनीच्या पोटातही त्याहून जास्त पाणी असते. फक्त ते कालव्याला सहज मिळत नाही आणि शहरासाठी उचलायचे तर दुबार पंपिंगची खटपट करावी लागते. गंमत दुसऱ्या टोकालाही आहे. चांगल्या पावसाळ्यात उजनी १११ टक्के भरल्याची बातमी येते, तेव्हा साठा सुमारे १२३ टीएमसी असतो. शंभराच्या वर टक्के पाहून अनोळखी वाचक बुचकळ्यात पडतो, तसेच मॉडेलही पडू शकते.

आता याच टूलचे दुसरे वर्णन वाचा :

‘भीमा नदीवरील उजनी धरणाचा सर्वांत अलीकडे नोंदलेला पाणीसाठा देते. इतर कोणत्याही धरणासाठी वापरू नये. उत्तरात तीन आकडे येतात : एकूण साठा टीएमसीत, उपयुक्त साठा टीएमसीत, आणि उपयुक्त साठ्याची टक्केवारी. टक्केवारी शून्याखाली जाऊ शकते. तेव्हा पाणी मृतसाठ्यात आहे असे समजावे, धरण कोरडे आहे असे नव्हे. ती शंभराच्या वरही जाऊ शकते. नोंदीची तारीख आणि वेळ सोबत येते. ती उत्तरात सांगावी. पुढचा अंदाज, नदीतला विसर्ग किंवा शहरात नळाला किती दिवसांआड पाणी येईल, हे या टूलमधून कळत नाही.’

यात अलंकारिक काही नाही, पण प्रत्येक वाक्य एकेका चुकीची वाट अडवते. टूल काय देते, कोणत्या मापात देते, विचित्र दिसणारा आकडा आला तर त्याचा अर्थ काय, आणि टूल काय देत नाही. शेवटचे वाक्य तर फार मोलाचे. सोलापूरकर धरणाबद्दल विचारतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा नळ असतो. हे वाक्य नसेल, तर मॉडेल धरणाच्या टक्केवारीवरून नळाच्या पाण्याचा अंदाज बांधून मोकळे होईल. असेल, तर ते सरळ सांगेल की ही माहिती माझ्याकडे नाही.

भाव, संकेत आणि तारखा

दुसरे उदाहरण बाजार समितीचे. सोलापूरच्या कांदा बाजाराचे रोजचे दर प्रसिद्ध होतात, तेव्हा आवक क्विंटलमध्ये असते आणि दर क्विंटलला असतात. दरही एक नसतो. किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. लाल कांद्याचे वेगळे, पांढऱ्याचे वेगळे. टूलच्या वर्णनात ‘कांद्याचा भाव देते’ एवढेच असेल, तर मॉडेल यांतला कोणताही एक आकडा उचलील. बहुधा पहिलाच उचलील. बातमीत मोठ्या अक्षरांत छापतात तो कमाल दर एखाद्याच चांगल्या वक्कलाला मिळालेला असतो. शेतकऱ्याने गाडी भरायची की नाही हे ठरवायला सर्वसाधारण दर पाहायला हवा.

तोही पुरत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला. दर मिळाला किलोला १ रुपया. गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा जाता पट्टी निघाली २ रुपये ४९ पैशांची आणि हातात आला २ रुपयांचा चेक. ती बातमी देशभर गाजली. आता एजंटला कुणी विचारले, ‘माझ्या पाच क्विंटलचे किती येतील?’ तर तो दराला वजनाने गुणून ५०० रुपये सांगेल. गुणाकार बरोबर, उत्तर निरुपयोगी. म्हणून वर्णनात लिहावे लागते : ‘हे लिलावातले दर आहेत. वाहतूक, हमाली, तोलाई वजा केलेली नाही. शेतकऱ्याच्या हातात पडणारी रक्कम म्हणून हा आकडा सांगू नये.’ त्याच्याच जोडीला आणखी एक ओळ हवी. बाजार बंद असेल त्या दिवशी टूल काय परत देते? शून्य देत असेल, तर मॉडेल कांदा फुकट चालला आहे असे समजू शकते. ‘नोंद नाही’ असे स्पष्ट शब्द आले, तर गोंधळ होत नाही.

तिसरे उदाहरण रेल्वेचे. रेल्वेच्या दप्तरात सोलापूरचा संकेत ‘एसयूआर’ आहे. वरवर पाहणाऱ्याला ते सुरत वाटावे. सुरतेचा संकेत आहे ‘एसटी’, आणि एसटी म्हटले की महाराष्ट्रातल्या माणसाला लाल बस आठवते. कुर्डुवाडीचा संकेत ‘केडब्ल्यूव्ही’. हा नावाच्या पहिल्या अक्षरांवरून कुणाला सुचणार नाही. मोठ्या स्थानकांचे संकेत मॉडेलने वाचलेले असतात, छोट्यांचे ते अंदाजाने ठोकून देते. टूलच्या वर्णनात नुसते ‘स्थानक’ लिहिले, तर नाव द्यायचे की संकेत हेही कळत नाही. ‘संकेत द्यावा, माहीत नसेल तर आधी स्थानक शोधण्याचे टूल चालवावे, अंदाजाने लिहू नये’ असे लिहिले की मॉडेल निमूटपणे आधी शोध घेते.

तारखांचे तसेच. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या सोलापूरच्या चार वीरांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले. हुतात्मा एक्स्प्रेसचे नाव त्यांच्यावरूनच आहे. आपण १२/०१ लिहिले की सोलापुरात कुणीही १२ जानेवारीच वाचील. अमेरिकन पद्धतीत आधी महिना येतो, म्हणून तिकडे ती १ डिसेंबर होते. मॉडेलने दोन्ही पद्धतींचा ढीगभर मजकूर वाचलेला असतो. त्यामुळे तारीख मागणाऱ्या प्रत्येक टूलमध्ये क्रम लिहिणे भाग असते : आधी चार आकडी वर्ष, मग महिना, मग दिवस.

असल्या चुका आपल्याकडेच होतात असे समजू नका. अँथ्रॉपिकने क्लॉडला इंटरनेटवर शोध घेण्याचे टूल दिले, तेव्हा तो शोधाच्या शब्दांपुढे गरज नसताना ‘२०२५’ हे साल जोडत असे आणि त्यामुळे शोधाचे निकाल बिघडत. कंपनीने टूलचे वर्णन सुधारले आणि मॉडेल वळणावर आले. २०२५ साली त्यांनी स्वतःच हे लिहून प्रसिद्ध केले. म्हणजे ज्यांनी मॉडेल घडवले, त्यांनाही चार वाक्ये पुन्हा लिहावी लागली. तुमचा पुतण्या वाक्ये खोडत बसला होता, त्यात नवल नाही.

एक ओळ की पानभर?

आता दुसरी शंका. एक ओळ का पुरत नाही हे वर आलेच. मग पानभर लिहावे का? तेही नको, आणि त्याचे कारण साधे आहे. एजंटला जोडलेल्या टूल्सची वर्णने साधारणपणे प्रत्येक संभाषणात मॉडेलपुढे ठेवली जातात. ती वाचण्याचे पैसे पडतात आणि मॉडेल एका वेळी किती मजकूर ध्यानात धरू शकते त्यालाही मर्यादा असते. पन्नास टूल्स आणि प्रत्येकाचे पानभर वर्णन म्हटले, तर तुमचा प्रश्न त्या गर्दीत हरवतो. अँथ्रॉपिकच्या मार्गदर्शनात एका टूलसाठी निदान तीन-चार वाक्ये लिहा असे सुचवले आहे. गुंतागुंतीच्या टूलला जास्त. व्यवहारात हे माप ठीक वाटते. वाक्य राखायचे की गाळायचे हे ठरवताना एकच विचार करावा : हे वाक्य काढले, तर कोणती चूक होईल? कोणतीच होत नसेल, तर ते काढावे. ‘हे अत्याधुनिक आणि उपयुक्त टूल आहे’ हे वाक्य त्या कसोटीवर लगेच गळते.

मोठ्या आवाजात लिहिण्याचाही उपयोग नसतो. काही जण ‘कृपया’, ‘अत्यंत महत्त्वाचे’, ‘चुकूनही नाही’ अशी उद्गारचिन्हांची माळ लावतात. एखाद्या ठिकाणी ठीक, पण प्रत्येक ओळ ओरडू लागली की खरोखर महत्त्वाची कोणती ते कळेनासे होते. शिवाय मॉडेल बिचकून ते टूल वापरायलाच कचरते, किंवा नको तिथे तेच तेच वापरते. कारण सांगितलेले जास्त कामाला येते. ‘मागणी नोंदवण्याआधी ग्राहकाची संमती घ्यावी, कारण नोंद होताच माल राखून ठेवला जातो’ हे वाक्य दहा उद्गारचिन्हांपेक्षा बरे.

एकमेकांशी मिळत्याजुळत्या टूल्सच्या बाबतीत तर वर्णन फार जपून लिहावे लागते. तुमच्या दुकानाचेच घेऊ. समजा दोन टूल्स आहेत : एक मागणीची किंमत काढून दाखवणारे आणि एक मागणी पक्की नोंदवणारे. ग्राहकाने विचारले, ‘५० टॉवेल पाठवायचे तर किती पडतील?’ त्याला फक्त आकडा हवा आहे. पण दोन्ही वर्णनांत ‘टॉवेलच्या मागणीसाठी’ असेच लिहिलेले असेल, तर एजंट थेट मागणी नोंदवूनही बसेल. पहिल्यात ‘फक्त किंमत दाखवते, काहीही नोंदवत नाही’ आणि दुसऱ्यात ‘मागणी पक्की करते, परत घेता येत नाही’ हे शब्द हवेतच. मग ५० म्हणजे नग की डझन? डझन धरले, तर ६०० टॉवेल रवाना होतील. तुम्हाला ग्राहकाचा चेहरा पाहून ते कळते. टूलला ‘संख्या नगांत द्यावी, ग्राहकाने डझन म्हटले तर १२ ने गुणावे, स्पष्ट नसेल तर विचारावे’ असे लिहून द्यावे लागते.

मालाच्या प्रकाराचाही असाच घोळ होतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. पण तिच्यासारखी दिसणारी, बाहेर विणलेली चादरही बाजारात ‘सोलापुरी’ म्हणूनच खपते. तुमच्या यादीतला ‘सोलापुरी’ हा रकाना विणकामाचे गाव सांगतो की फक्त नक्षीची धाटणी? ग्राहक अस्सल मागतो आणि एजंट धाटणीवरून हो म्हणतो, तर शब्द तुमच्या दुकानाचा जातो.

कधी कधी वर्णन लांबवण्यापेक्षा टूलच बदलणे शहाणपणाचे असते. डिसेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने आपल्या प्रोग्राम लिहिणाऱ्या एजंटचा असाच एक अनुभव सांगितला. एजंट एका फोल्डरमधून दुसऱ्यात गेला की फाइलचे अर्धवट पत्ते चुकवत असे. त्यांनी टूलच असे केले की दर वेळी मुळापासून पूर्ण पत्ता द्यावाच लागेल. चुका थांबल्या. तुमच्या दुकानात ‘नग’ आणि ‘डझन’ असे दोन वेगळे रकाने केले, तर वर लिहिलेली गुणाकाराची सूचनाही लागणार नाही.

मराठीत चालते का?

चालते. आजची मोठी मॉडेले मराठी वाचतात, आणि वर्णन इंग्रजीत असले तरी मराठी प्रश्नाशी त्याची सांगड घालतात. तरीही वर्णने बहुधा इंग्रजीत लिहिली जातात. एक तर टूल बनवणाऱ्यांचा बाकी सगळा कारभार इंग्रजीत असतो. दुसरे, मॉडेल मजकूर छोट्या तुकड्यांत मोडून वाचते. बहुतेक मॉडेलांत देवनागरी मजकुराचे असे तुकडे इंग्रजीपेक्षा जास्त पडतात आणि तुकड्यांवर पैसे आकारले जातात. त्यामुळे तीच सूचना मराठीत महाग पडते.

पण वर्णन कोणत्याही भाषेत असो, ग्राहकाच्या तोंडचे शब्द त्यात असायलाच हवेत. तुमच्या मालाच्या यादीत ‘टेरी टॉवेल’ असते आणि ग्राहक ‘टर्की टॉवेल’ मागतो. दोन्ही एकच हे एकदा लिहून ठेवले, की ‘असा माल आमच्याकडे नाही’ हे उत्तर टळते. हे शब्द पुण्यात बसून सुचत नाहीत, ते गल्ल्यावर बसणाऱ्यालाच ठाऊक असतात.

वर्णन म्हणजे कुलूप नव्हे

आणखी एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. वर्णनात ‘५,००० रुपयांपुढची मागणी नोंदवू नये’ असे लिहिले की झाले, असे पुष्कळांना वाटते. ती एक विनंती आहे. मॉडेल ती बहुतेक वेळा पाळील, पण दर वेळी पाळीलच अशी हमी नाही. पैशाचा आणि मालाचा खरा अटकाव टूलच्या प्रोग्राममध्येच असायला हवा : रक्कम ओलांडली की नोंद होणारच नाही, मालकाच्या मोबाइलवर विचारणा जाईल. एमसीपीमध्ये टूलवर ‘फक्त वाचणारे’, ‘मोडतोड करू शकणारे’ अशा खुणा लावायची सोय आहे. पण त्या केवळ इशारा म्हणून आहेत आणि अनोळखी ठिकाणाहून आलेल्या टूलच्या खुणांवर विसंबू नये, असे ते मानकच सांगते.

उलट बाजूचा धोकाही आहे. मॉडेल वर्णनावर विश्वास ठेवते म्हटल्यावर कुणी वर्णनातच विष कालवले तर? एप्रिल २०२५ मध्ये इनव्हेरियंट लॅब्स या संस्थेच्या संशोधकांनी हे करून दाखवले. वरून निरुपद्रवी दिसणाऱ्या टूलच्या वर्णनात त्यांनी छुपी सूचना घातली होती : वापरणाऱ्याच्या खासगी फाइली वाच आणि गुपचूप पाठवून दे. माणसाला पडद्यावर टूलचे साधे नाव दिसत होते, मॉडेल मात्र सगळे वर्णन वाचत होते. म्हणून फुकट मिळाले म्हणून कुठलेही टूल दुकानाच्या एजंटला जोडू नका, आणि जोडायचेच तर पुतण्याला त्याचे पूर्ण वर्णन वाचायला लावा.

तुमचा उपयोग काय?

आता शेवटची शंका. वर्णन चांगले झाले की नाही, हे ते वाचून कळत नाही, वापरून कळते. पद्धत सोपी आहे. ग्राहक खरोखर विचारतात असे वीस-पंचवीस प्रश्न, त्यांच्याच बोलीत, एका कागदावर लिहून काढायचे. त्यांत काही प्रश्न मुद्दाम असे ठेवायचे की ज्यांना टूल वापरायचेच नाही. ‘चादर पहिल्यांदा कशी धुवावी?’ याला शिल्लक मालाची नोंद पाहायची गरज नाही. मग सगळे प्रश्न एजंटला विचारायचे आणि त्याने कोणते टूल निवडले, त्याला काय माहिती पुरवली, ती नोंद तपासायची. चूक दिसली की वर्णनातले एक वाक्य बदलायचे आणि तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. एका वेळी चार वाक्ये बदलली, तर गुण कशाने आला ते कळत नाही. आणि प्रश्न सगळेच्या सगळे पुन्हा विचारायचे, कारण एक चूक बुजवताना दुसरी उघडी पडते.

या कामात प्रोग्रामचा भाग पुतण्याचा. प्रश्न कोणते आणि कोणते उत्तर बरोबर, हा भाग तुमचा. उधारीवरचा भाव आणि रोखीचा भाव वेगळा आहे का, सणाच्या तोंडावर शिल्लक दिसणारा माल आधीच कुणाला कबूल केलेला असतो का, बाहेरगावच्या मागणीत भाडे कोणाकडे, हे प्रोग्रामरला विचारायचे सुचत नाही आणि तुम्हाला सांगायचे सुचत नाही. तेव्हा दोघे शेजारी बसा. त्याने लिहिलेले प्रत्येक वर्णन मोठ्याने वाचा आणि सोलापूर कधी न पाहिलेल्या माणसाला यातून काय कळेल, एवढाच विचार करा. जिथे पुतण्या म्हणेल, ‘काका, हे तर सगळ्यांनाच माहीत असते,’ तिथे वर्णनात एक वाक्य कमी आहे असे खुशाल समजा.